पाटीवरची वितळलेली अक्षरं

सोलापूर, ४ ऑगस्ट २०२५

वन्सं,

पाकीट बघून दचकू नका, घरी सगळे बरे आहेत. फोन का केला नाही म्हणाल, तर आमचं घर तुम्हाला माहीत आहे. स्वयंपाकघरात कुजबुजलं तरी पुढच्या खोलीत ऐकू जातं, आणि हल्ली हे घरी असले की पुढच्याच खोलीत बसून असतात. मोबाईल दोघांत एकच, तोही ह्यांच्याच खिशात. म्हणून शेवटी कागद घेतला.

विचारायचं आहे ते तुमच्या पाट्या-ट्रॉफींच्या दुकानातलं. प्लॅस्टिक कापायच्या मशीनला कुठलं बिट लावतात, म्हणजे ते फिरणारं पातं?

चादरींचा कारखाना बंद झाल्यावर ह्यांनी ते कॉम्प्युटरवर कोरणारं छोटं सीएनसी मशीन आणलं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद तुम्हालाच झाला होता. आयुष्यभर मागाला लावायची चादरीच्या नक्षीची भोकांची कार्डं पाडली, आता हात नुसते कसे ठेवू, असं हे म्हणायचे. लाकडावर काम छान चाललं होतं. किल्ल्या अडकवायच्या पट्ट्या, देव्हाऱ्याच्या मागची नक्षी. मग आमच्या कॉलनीच्या अभ्यासिकेची पाटी आली. काळ्या ॲक्रिलिकवर देणगीदारांची नावं कोरायची, पंधरा ऑगस्टला उद्घाटन. काम दिलं धोंडप्पाअण्णांनी. सात रस्त्याला ज्यांचं कापडाचं दुकान आहे ते, कॉलनीचे अध्यक्ष.

ह्यांनी लाकडाचंच बिट लावलं आणि अगदी जपून, सावकाश चालवलं. इतकं सावकाश की मी दोनदा डोकावून गेले, बंद पडलं की काय म्हणून. मग घरभर वास सुटला. अक्षरं कापली जायची आणि मागून वितळून परत भरायची. अण्णांच्या वडिलांचं नाव तर बुजूनच गेलं. बिटाच्या टोकाला प्लॅस्टिकचा गोळा, गुळाच्या पाकात बुडवल्यासारखा. तरी हे ती पाटी घेऊन गेले, कारण शब्द दिला होता. तिथं कुणीतरी विचारलं, "भारतराव, पाटी उन्हात ठिवली हुती काय?" सगळे हसले. हे घरी आले आणि जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः अण्णांच्या दुकानात जाऊन सगळं मिटवून आले. माणूस मोठ्या मनाचा, काही बोलले नाहीत. पण तेव्हापासून हे मागच्या खोलीत पाऊल टाकत नाहीत. मशीनवर जुनी चादर टाकून ठेवली आहे. सकाळी तळ्यावर जातात, जेवायच्या वेळेला येतात, आणि मी काही विचारलं तर "व्हय" किंवा "नको", एवढंच.

एका पाटीची माणसानं किती लाज धरावी? मला बघवत नाही. बिटाचं तेवढं कळवा. मी विचारलं असं ह्यांना सांगू नका.

तुमची
प्रियदर्शनी

अकलूज, ७ ऑगस्ट

वहिनी,

तुमच्या अक्षरातलं पत्र किती वर्षांनी हातात आलं. काउंटरवर उभ्यानंच वाचलं. एक गिऱ्हाईक "ताई, आमची ट्रॉफी" म्हणत ताटकळलं, तरी वाचून झाल्यावरच मान वर केली.

सोबतच्या डबीत बिटं आहेत. नीट बघा, प्रत्येकाला एकच धार आहे. बाजारात ह्याला सिंगल फ्लूट म्हणतात. लाकडाच्या बिटाला दोन किंवा जास्त धारा असतात. लाकडाला ते चालतं, प्लॅस्टिकला नाही. प्लॅस्टिकचा कीस निघाला की त्याला बाहेर पडायला मोकळी जागा लागते. ती नसली की कीस तिथंच फिरतो, तापतो, वितळतो आणि धारेलाच चिकटतो. मग बिट कापत नाही, नुसतं घासत राहतं. एक धार असली की मागं जागा राहते. ह्यातलं बिट कीस वर फेकणारं आहे. खाली दाबणारं कुणी दिलं तर घेऊ नका. आणि लाकडाला वापरलेलं बिट प्लॅस्टिकला लावू नका, धार गेलेली असते.

पण दादाचं खरं चुकलं ते जपण्यात. हळू चालवायचंच नाही, वहिनी. बिटाचं फिरणं कमी ठेवायचं आणि पुढं सरकणं वाढवायचं. एका जागी रेंगाळलं की वितळलंच समजा. खोबऱ्याच्या किसासारखं पडायला लागलं की बरोबर चाललंय. पिठासारखी भुकटी पडली तर थांबवा. कार्ड पाडताना एक भोक चुकलं की नक्षी बिघडायची, म्हणून दादाचा हात जन्मभर सावकाश. त्याला हळू म्हणजे चांगलं एवढंच माहीत. त्याला कुणी दोष द्यावा?

शीटही बघून घ्यायला सांगा. स्वस्तातलं लवकर चिकट होतं. साच्यात ओतलेलं असतं ते, कास्ट म्हणून मागायचं.

आमचंही पहिल्या वर्षी हेच झालं होतं. वक्तृत्व स्पर्धेच्या पाट्या मी अशा वितळवल्या की एकही नाव धड वाचता येईना. आमच्या ह्यांनी, दिग्विजयनी, हेडमास्तरांना तोंड वर करून सांगितलं की सर, ही नवी फॅशन आहे. त्यांनी घेतल्या हो!

दादानं मला कधी विचारलं नाही. मशीन आणलं तेव्हाही नाही. धाकटीला काय विचारायचं, असं असेल. म्हणून तुमचं पत्र वाचून मी जरा फुगलेच, खोटं कशाला सांगू. पण डबी त्याच्याच हातात द्या. माझं नाव नाही सांगितलंत तरी चालेल.

तुमची
ऋतुजा

सोलापूर, १७ ऑगस्ट

वन्सं,

डबी ह्यांच्या हातात दिली नाही. आधी तेच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला मोकळी.

विचार केला, दिली आणि परत बिघडलं तर? दुसऱ्यांदा हसं झालं तर हा माणूस उठायचा नाही. म्हणून हे तळ्यावर गेले की मी मशीनवरची चादर काढायची. पाटीची आखणी ह्यांनी केलेली कॉम्प्युटरमध्ये होतीच. अक्षरांची वळणं, समासातली ती चादरीसारखी बारीक वेल, सगळं तयार. मशीन चालू कसं करतात ते इतक्या महिन्यांत बघून बघून पाठ झालं होतं.

आधी बिघडलेल्या पाटीच्या कोपऱ्यावर करून पाहिलं. पहिल्यांदा तुकडाच उचलला गेला, खालची चिकटपट्टी नीट दाबली नव्हती. नंतर पिठासारखी भुकटी. मग तुमचं पत्र उघडून समोर ठेवलं, मनाचा धडा केला आणि वेग वाढवला. आवाजच बदलला, वन्सं. किरकिर थांबली आणि कापड फाडल्यासारखा एक सलग आवाज यायला लागला. काळा कुरळा कीस उडायला लागला. मला हसूच आलं एकटीला.

नशीबही असं, कपाटामागं काळं नवं कोरं शीट उभं होतं. वरच्या कागदावर कास्ट असं छापलेलं. तेच लावलं.

कीस उडून जावा म्हणून टेबलफॅन लावला होता, तर तो घरभर झाला. दुपारी ह्यांच्या भाकरीत एक तुकडा निघाला. ह्यांनी तो बोटानं काढला, थोडा वेळ बघितला, ताटाच्या कडेला ठेवला आणि जेवत राहिले. केस समजले असतील. माझा जीव भांड्यात पडला.

पाटी अण्णांकडे नेऊन दिली. कुणी केली, त्यांनी विचारलं. मी केली म्हणाले, खोटं कसं बोलू? तर पंधरा तारखेला झेंडावंदन झाल्यावर त्यांनी मला पुढं बोलावून खण-नारळ दिला आणि माईकवर सांगितलं की आमच्या वहिनींनी कॉलनीची लाज राखली. हे मागच्या रांगेत होते. ह्यांनीही टाळ्या वाजवल्या. सगळ्यांच्या थांबल्या तरी ह्यांच्या थोडा वेळ चालूच होत्या.

वाटलं होतं घरी आल्यावर तरी काही बोलतील. काल सकाळी पिशवी भरली आणि म्हणाले, ऋतूकडं जाऊन येतो. आता तुमच्याकडेच असतील. तुमच्याशी बोलून मोकळे होतील. पाटी भिंतीवर लागली, लोक वाचतात, आता कसली लाज उरली?

तुमची
प्रियदर्शनी

अकलूज, २२ ऑगस्ट

वहिनी,

दादा सोलापूरला पोचला असेल. हे पत्र त्याच्यासमोर उघडू नका.

तो इथं होता तेव्हा दिवसभर दुकानात स्टुलावर बसायचा. माझं मशीन चालू असलं की जवळ येऊन बघायचा, हात मागं बांधून. मी मूर्ख, हौसेनं एकेक दाखवत सुटले. ही धार बघ, हा कीस बघ. आणि बोलता बोलता तोंडातून गेलं की वहिनींनाही मी हेच कळवलं होतं. त्यानं मागं बांधलेले हात सोडले आणि म्हणाला, "म्हणजे तुला बी ठाऊक होतं."

त्यानंतर दुकानात आलाच नाही.

परत निघाला तेव्हा मी स्टँडवर सोडायला गेले. गाडी यायला उशीर होता. मी म्हणाले, दादा, एका पाटीचं किती मनाला लावून घेशील. तेव्हा बोलला. पाटी बिघडली त्याचं त्याला काही वाटलेलं नाही. पहिल्यांदा बिघडणारच, म्हणाला. लोक हसले त्याचंही नाही, मीसुद्धा हसलो असतो, म्हणाला.

वहिनी, दुसऱ्या दिवशी तो नवं शीट विकत घेऊन तसाच अण्णांच्या दुकानात गेला होता. पंधराच्या आत दुसरी करून देतो, हे सांगायला. शीट काखेत होतं. आत तुम्ही उभ्या होतात, त्याच्याकडं पाठ करून. हात जोडलेले. तुम्ही जे म्हणालात ते त्यानं मला शब्दन् शब्द सांगितलं, आणि मी ते इथं लिहिणार आहे, कारण तुम्हाला ते आठवत नसेल असं मला वाटतं.

"अण्णा, मनावर घेऊ नका. त्यांना आता कुठलं जमतंय? मन रमावं म्हणून मशीन घेऊ दिलंय, झालं."

तो पायरीवरूनच मागं फिरला. शीट आणून कपाटामागं उभं केलं.

तेच तुम्ही कापलंत. नशीब म्हणालात तुम्ही त्याला. घरात ते कुठून आलं हे विचारलंच नाहीत. आणि भाकरीतला तो तुकडा त्याला केस वाटला नव्हता. कारखान्यात एवढी वर्षं बोटांवर काढलेला माणूस, त्याला बोटाला लागलेलं कळत नाही होय? त्याला तेव्हाच समजलं की पाटी चालली आहे, त्याच्याशिवाय.

हे वाचून तुम्हाला काय होईल ते मला दिसतं आहे. मला स्वतःचीही लाज वाटते. डबी त्याला द्या असं लिहिलं खरं, पण तुम्ही दिली नाहीत हे वाचलं तेव्हा मला वाईट वाटलं नाही. उलट पाटी चांगली झाली, माझ्या बिटानं झाली, म्हणून मी दिग्विजयना तुमचं पत्र वाचून दाखवलं. दादा तेव्हा बाहेर ओट्यावर पेपर वाचत बसला होता. एकदाही मनात आलं नाही की तो त्या पत्रात कुठं आहे.

एक सांगते. त्याची माफी मागायला जाऊ नका. तो "जाऊ दे" म्हणेल, आणि ते जाणार नाही. दुसरं काय करायचं, मला माहीत नाही.

ऋतुजा

सोलापूर, ९ सप्टेंबर

वन्सं,

तुमचं पत्र गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांत उभी राहून वाचलं. मग कितीतरी वेळ खाली आले नाही. ह्यांनी हाक मारली, मी आले म्हणाले, आणि तरी आले नाही.

मला ते वाक्य आठवत होतं. तुम्ही मोठ्या मनानं लिहिलंत की आठवत नसेल. आठवत होतं, फक्त ते असं वाचलं नव्हतं. माझ्या लेखी मी नवऱ्याला सांभाळून घेतलं होतं. पोरानं कुणाची काच फोडली तर आई जाते, हात जोडते, लहान आहे म्हणते, तसं. पण हे लहान नाहीत. आणि खरं सांगायचं तर मी त्यांना सांभाळायला गेलेच नव्हते. त्या आदल्या दिवशी लोक हसले, आणि चारचौघं ज्याला हसतात त्याची बायको म्हणून रस्त्यानं जायची मला लाज वाटली. हात जोडून मी त्यांच्यापासून थोडी बाजूला सरकून उभी राहिले, एवढंच. अण्णांना कळावं की बाई शहाणी आहे, हे सगळं तिला कळतंय.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

गौरी-गणपती झाल्यावर अण्णांच्या दुकानात गेले. सकाळची वेळ, दोन गिऱ्हाइकं बसलेली, त्यांचा माणूस ठाण उलगडत होता. मी मुद्दाम तेव्हाच गेले. एकांतात बोलून काय उपयोग? मी म्हणाले, अण्णा, मागं मी ह्यांच्याबद्दल जे बोलले ते मागं घ्यायला आले आहे.

अण्णांना काही कळेना. "कधी ओ वहिनी? काय म्हणला हुता तुमी? मला तर आठवत बी न्हाय."

वन्सं, त्यांना खरंच आठवत नव्हतं. ज्याच्यापुढं बोलले तो विसरला होता. ज्यानं ऐकू नये तोच एकटा ते घेऊन बसला होता. आणि आता मागं घ्यायचं तर आधी सांगायला हवं होतं. म्हणून मी ते वाक्य पुन्हा म्हणाले. पहिल्यांदा सहज तोंडातून गेलं होतं. आता एकेक शब्द जिभेवर ठेवून म्हणावा लागला. त्या गिऱ्हाइकांनी, त्या माणसानं, ज्यांनी आधी ऐकलं नव्हतं त्यांनीही ऐकलं.

मग सांगितलं की हे खोटं होतं. पाटीची आखणी ह्यांची, अक्षरं ह्यांची, शीट ह्यांनी पारखून आणलेलं. बिट तुमचं. मी फक्त चालू केलं.

अण्णा खाली बघून मोजलेलंच कापड परत मोजायला लागले. शेवटी म्हणाले, "बसा की, च्या मागवतो." मी बसले नाही. रस्त्यावर आले तर हलकं वाटेल अशी आशा होती. काही वाटलं नाही. रिक्षावाला कुठं जायचं विचारत होता आणि मला पत्ता सुचेना.

ह्यांना सांगितलेलं नाही. सांगितलं तर तेही मी माझ्यासाठीच सांगितल्यासारखं होईल. मशीनला मी आता हात लावत नाही. झाडायलासुद्धा त्या खोलीत जात नाही. घरात आम्ही एकमेकांना ताट वाढतो, पाणी देतो, लाईटचं बिल आलं का विचारतो.

प्रियदर्शनी

सोलापूर, २८ सप्टेंबर

ऋतू,

मला पत्र लिहायची सवय नाही. शाळेत तुझे निबंध मी लिहून द्यायचो, त्यानंतर हे पहिलंच. चुका काढू नकोस.

एक विचारायचं आहे. मशीन आणलं त्याच दिवशी विचारायला हवं होतं. किती वेळा मोबाईलवर तुला लिहिलं, ऋतू, प्लॅस्टिकला बिट कुठलं, आणि पुसलं. तुला सायकल मी शिकवली, गणितं मी शिकवली. आता तुला विचारायचं म्हणजे काय, असं व्हायचं. त्यापेक्षा पाटी वितळलेली बरी, असं माझं डोकं.

मागच्या आठवड्यात धोंडप्पाअण्णा चहाच्या टपरीवर भेटले. इकडचं तिकडचं बोलले, मग माझा कप स्वतः भरून दिला आणि मान खाली घालून सांगितलं की वहिनी दुकानात आल्या होत्या. काय बोलल्या तेही सांगितलं. मला आधी रागच आला. परत बोलली? लोकांसमोर? तसाच उठलो आणि निघालो.

पण घरापर्यंत राग टिकला नाही. ते वाक्य मी एकदा ऐकलं आणि पायरीवरून पळालो. आत गेलो असतो, "प्रिया, मी मागंच उभा हाय," एवढं म्हणालो असतो, तर तिथंच संपलं असतं. मी शीट कपाटामागं लपवलं आणि तिला जवळजवळ दोन महिने न बोलता शिक्षा दिली. तिला कशाची शिक्षा ते न सांगता. आणि ती ते वाक्य पुन्हा म्हणायला स्वतःच्या पायानं गेली. मला नसतं जमलं. हे खरंच मला जमलं नसतं.

तिनं मला यातलं काही सांगितलेलं नाही. मला कळलंय हे मीही अजून तिला सांगितलेलं नाही. आज सांगणार आहे. आधी तुला लिहितो, म्हणजे मागं फिरता येणार नाही.

आता कामाचं. तू पाठवलेली डबी मशीनपाशीच सापडली, तिच्यातली बिटं मोठ्या अक्षरांना चांगली आहेत. मला करंगळीच्या नखाएवढी अक्षरं कापायची आहेत. त्यासाठी त्याहून बारीक घेतलं तर मोडतं. काल एक मोडलं. बारीक बिटाला वेग किती ठेवायचा? एकदम पूर्ण खोल जाऊ की थोडं थोडं खाली उतरू? आणि पांढऱ्या जाड प्लॅस्टिकला, भाजी कापायच्या पाटाला असतं तसल्या, हेच बिट चालतं का? सगळं नीट, पहिल्यापासून सांग. मला काही येत नाही असं धरून सांग.

काल मशीन चालू केलं. खोटं सांगत नाही, वेग वाढवायला हात धजत नव्हता. बिट मोडलं तेव्हा आवाज मोठा झाला. स्वयंपाकघरातून तिची पावलं आली आणि दारापाशी थांबली. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून कुठल्या खोलीत विचारून आलेली मला आठवत नाही. काल तिनं बाहेर उभं राहून विचारलं, "येऊ का?"

मी ये म्हणालो. पण ते म्हणायला मला जो वेळ लागला, ऋतू, तेवढा वेळ ती उंबऱ्याच्या बाहेर पदर मुठीत धरून उभी होती. त्याची मला अजून लाज वाटते आहे.

तुझा
दादा